रविवार सकाळच्या दुभाष्याला

तीर्थरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. १९९१ साली निवृत्त होऊन तुम्ही कोकणात गावी गेलात. पुढे दोन-तीन वर्षांत सदाशिव पेठेतला आपला वाडा पाडला आणि बारा बिऱ्हाडं बारा दिशांना गेली. पण तिथली मुलं आता माझ्यासारखीच पन्नाशीला टेकली असतील, आणि रात्री फोनवर काहीबाही वाचत असतील. त्यांच्यापैकी एखाद्याच्या नजरेस हे पडलं, तर तुमच्यापर्यंत पोचेल.

मी माडीवरची. तुम्ही मला 'उहुरा' म्हणायचात, एवढं सांगितलं तरी तुम्हाला ओळख पटेल.

वाड्यात टीव्ही दोन होते. एक मालकांचा, ते दार कायम आतून लावलेलं. दुसरा तुमचा, ब्लॅक अँड व्हाइट, सरकत्या दारांच्या लाकडी खोक्यातला. अँटेना कौलांवर, तोंड सिंहगडाकडे, कारण मुंबई दूरदर्शन पुण्याला दिसायचं ते गडावरच्या मनोऱ्यामुळे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग थोरला कुणीतरी माडीच्या खिडकीतून कौलांवर उतरायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं, आलं... गेलं! थोडं मागे!" तुमचं दार मात्र रविवारी सकाळी उघडंच असायचं, चपलांनी भरलेलं.

'स्टार ट्रेक' ही अवकाशयानाची मालिका लागायला लागली तेव्हा मी चौथीत होते. राकेश शर्मा सोयुझ यानातून अवकाशात जाऊन आले होते, त्यांचा फोटो शाळेच्या फळ्याशेजारी लावलेला होता. ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालून केव्हाच बंद पडली होती, हे आम्हाला कुठलं माहीत? आमच्या लेखी ते यान त्याच रविवारी उडत होतं. अडचण एकच, ते सगळे इंग्रजीत बोलायचे, आणि आम्हाला इंग्रजी सुरू व्हायचं पाचवीत.

तुम्ही खडकीला एका कारखान्यात टर्नर होतात. तुमचं इंग्रजी शाळेतलं नव्हतं, लेथच्या मॅन्युअलमधलं होतं, मांडीवर डिक्शनरी ठेवून एकेक शब्द लावत कमावलेलं. यंत्रांच्या आवाजाने तुमचा डावा कान गेलेला होता. त्यामुळे तुम्ही टीव्हीला खेटून आडवे बसायचात, उजवा कान स्पीकरच्या जाळीशी आणि तोंड आमच्याकडे. चित्र तुम्हाला दिसायचंच नाही. तुम्ही ऐकायचात, क्षणभर थांबायचात, आणि आम्हाला मराठीत सांगायचात. तासभर. सुट्टीच्या एकुलत्या एका सकाळी.

काय मराठी होतं ते! यानातला अधिकारी स्पॉक काहीही बोलला की तुम्ही म्हणायचात, "कप्तान, हे हिशेबाला धरून नाही." पुढे कितीतरी दिवस वाड्यात हे वाक्य चाललं. गोट्यांच्या डावात, आईपाशी, आजीने वाढलेल्या कारल्याच्या भाजीपुढेसुद्धा. यानातली माणसं एका जागी विरघळून दुसऱ्या ग्रहावर उमटायची, ते कसं, असं धाकट्याने विचारलं. तुम्ही काकूंच्या रांगोळीची वाटी मागवलीत. उंबऱ्यापाशी चिमटीने एक ठिपक्यांचं कमळ काढलंत, पुसलंत, सगळी पूड वाटीत भरलीत आणि तेच कमळ ओट्यावर पुन्हा काढलंत. "कण तेच, नकाशा तोच, जागा वेगळी." मी पुढे वाचलं, की दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवण्याचं चित्रीकरण परवडेना, म्हणून त्या मंडळींनी ही विरघळण्याची युक्ती काढली होती. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. कमी सामानात काम उरकणारी माणसं तुम्हाला फार आवडायची.

तो खाणीचा भाग आठवतो का तुम्हाला? जमिनीखाली खोल बोगद्यांत एक दगडासारखा प्राणी माणसं मारत सुटतो. खाणकामगार बंदुका घेऊन त्याच्या मागे. शेवटी स्पॉक त्याच्या अंगावर हात ठेवून त्याचं मन वाचतो, तेव्हा कळतं की ती आई आहे. खाणीत जागोजाग पडलेले ते गोळे म्हणजे तिची अंडी, आणि कामगारांनी ती फोडली आहेत. तुम्ही तेव्हा नुसतं भाषांतर केलं नाहीत. तुमचा आवाज फुटला. "माझी लेकरं मारली रे तुम्ही. हजारांनी मारली." खोलीत चिडीचूप. काकू स्वयंपाकघराच्या दारात हातात उलथनं घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मग यानातला डॉक्टर तिच्या जखमेला चक्क काँक्रीटचा लेप देतो, तेव्हा कुठे आम्ही सगळे हसलो. गवंडीकाम करून जीव वाचवला म्हणून.

त्या दिवशी मी विचारलं होतं, दगडाचा प्राणी असू शकतो का? तुम्ही म्हणालात, "मला ठाऊक नाही. विचारून सांगतो."

काका, माझं अर्धं पत्र या एका वाक्यासाठी आहे. तोवर मला 'ठाऊक नाही' म्हणणारा मोठा माणूस भेटला नव्हता. शाळेत तर नाहीच. आणि पुढच्या रविवारी तुम्ही खरोखरच उत्तर घेऊन आलात. कारखान्यातल्या केमिस्टसाहेबांना जेवणाच्या सुट्टीत गाठून, बिडीच्या पाकिटाच्या मागे लिहून आणलेलं. आपलं शरीर कार्बनवर उभं आहे. कार्बनला चार हात, सिलिकॉनलाही चारच, म्हणून लिहिणाऱ्याला ती कल्पना सुचली. पण कार्बन जळला की वायू होतो, तो आपण उच्छ्वासातून सोडून देतो. सिलिकॉन जळला की त्याची वाळू होते. "म्हणजे त्या बाईने श्वास सोडला की नाकातून वाळू पडायला हवी," तुम्ही म्हणालात, आणि मग स्वतःच विचारात पडलात की एवढी वाळू ती टाकत कुठे असेल. मला सातवीच्या पुस्तकातले कितीतरी धडे आठवत नाहीत. ती वाळू आठवते.

आता उहुराबद्दल. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

रविवार म्हणजे माझी कामाची सकाळ. नळाला पाणी असेतोवर पिंप भरायचं, मग शिकेकाईने न्हाणं, मग आजीच्या हाताखाली निवडणं-टिपणं. माझे दोन्ही भाऊ तुमच्याकडे पुढच्या रांगेत, आणि मी दारातून डोकावून परत. एकदा तुम्ही जिना चढून वर आलात. आत न येता बाहेरूनच आईला म्हणालात, "वहिनी, पोरीला पाठवा. ती नसली तर यानाचं बोलणं कोण सांभाळणार?" आजी काहीतरी पुटपुटली. तुम्ही हललाच नाहीत. शेवटी ओल्या केसांना पंचा गुंडाळून मी तुमच्या मागोमाग जिना उतरले. पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा आलात. नंतर यावं लागलं नाही, आजीच म्हणायची, "जा, तुझे ते काका खोळंबले असतील."

तुम्ही मला यानातली ती कानात यंत्र लावलेली बाई, उहुरा, दाखवलीत. "कप्तान हुकूम देतो, पण तो पोचवते ही. ही चुकली तर सगळे मुके." मग साबणाच्या झाकणवाल्या डब्या आल्या, कप्तानाच्या यंत्रासारख्या फटकन उघडणाऱ्या. एक माझ्याकडे माडीच्या कठड्यापाशी, बाकीच्या खाली अंगणात. वाड्याचं सगळं दळणवळण माझ्या हाती.

मोठी झाल्यावर त्या नटीबद्दल वाचलं. निशेल निकोल्स तिचं नाव. पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडायला निघाली होती. एका समारंभात तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि तिचा बेत ऐकून म्हणाले, सोडू नकोस, तू तिथे दिसणं गरजेचं आहे. ती राहिली. पुढे १९७७ पासून तिने नासासाठी फिरून स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करायला लावलं. १९९२ साली अवकाशात गेलेली मे जेमिसन, पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री अंतराळवीर, लहानपणी उहुराला बघून भारावलेली होती. हे वाचलं तेव्हा मला तुम्ही जिन्यात उभे दिसलात. तिच्या खुर्चीसाठीही कुणीतरी असंच अडून बसलं होतं.

१९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं आणि तुमच्या खोलीत वाडाच काय, गल्लीही मावेना. टीव्हीला हार, समोर उदबत्ती. आम्ही मुलं जिन्यावर बसून ऐकायचो. त्याच वर्षी तुम्ही आम्हा सात जणांना पदरच्या पैशाने 'मिस्टर इंडिया' दाखवलात. महिनाभर आम्ही लाल जिलेटिनचा कागद डोळ्यांना लावून अदृश्य माणसं शोधत हिंडलो. तुम्ही मात्र एक गोष्ट सांगून आमची झोप उडवलीत. खरोखर अदृश्य झालेला माणूस आंधळा होईल, कारण उजेड त्याच्या डोळ्यातून आरपार जाणार, पडद्यावर अडणारच नाही, मग चित्र उमटणार कशावर? 'स्पेस सिटी सिग्मा' ही अवकाशाचीच मालिका आली तेव्हा ती हिंदीत होती, दुभाष्याची गरज उरली नव्हती, आणि घरोघरी टीव्हीही आले होते. तरी आम्ही तुमच्याकडेच यायचो. शक्ती यंत्रमानव काय म्हणाला ते आम्हाला कळलेलं असायचं, तरी तुमच्या तोंडून ऐकायचं असायचं.

मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते, काका. सव्वीस वर्षं झाली. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नारायणगावजवळ खोडदला पोरांना घेऊन जाते. तिथे आणि आसपासच्या परिसरात मिळून एका दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, जाळीच्या, आकाशाकडे तोंड करून उभ्या. ती दुर्बीण उजेड बघत नाही, रेडिओलहरी ऐकते. पहिल्यांदा गेले तेव्हा एक ताटली हळूहळू वळत होती, आणि माझ्या तोंडून निघता निघता राहिलं, "आलं, आलं... थोडं मागे!" मुलं काहीतरी विचारतात आणि मला येत नसतं. मी वहीत लिहून घेते आणि म्हणते, विचारून सांगते. आणि सांगतेच. तेवढी एक गोष्ट मी आजवर चुकवलेली नाही.

टाळेबंदीत लेकीबरोबर ती मालिका पुन्हा बघितली. रंगीत, खाली अक्षरांसकट. खाणीचा भाग लागला. मी लेकीला म्हटलं, आता ऐक हं, आता ती आई काय म्हणते. आणि स्पॉक नुसता "वेदना, वेदना" असं ओरडला. मग तुटक तुटक आणखी काही शब्द. त्यात मारल्या गेलेल्या लेकरांचा शोक होता, पण 'माझी लेकरं मारली रे तुम्ही' ही हाक नव्हतीच. मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. मग आधीचे भाग काढले. जागोजाग तेच. तुम्ही सांगितलेले कितीतरी संवाद तिथे नव्हते. काही ठिकाणी गोष्टच निराळी होती. एका कानाने, अमेरिकन बोलीतून, खरखरणाऱ्या स्पीकरमधून जे हाती लागायचं त्याच्या मधल्या मोकळ्या जागा तुम्ही भरत होतात, आमच्या तोंडाकडे बघत. कोण घाबरलंय, कोणाला कळलं नाही, कोण रडवेलं झालंय, ते बघून.

लेकीने विचारलं, मग खरी गोष्ट कुठली? मी तिला तुमची सांगितली. सगळी. रांगोळीची वाटी घेऊन.

काका, तुम्ही जे दिलंत त्याचे आभार मानायला मी उशीर केला. तुमचं वय आता नव्वदीच्या घरात असेल. काकूंना माझा नमस्कार सांगा. साबणाची डबी अजून आहे, झाकणाची बिजागरी तुटली तिथे मी सुतळी बांधली आहे.

हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्याला एक विनंती. ते काकांना वाचून दाखवाल तेव्हा समोर बसू नका. उजव्या बाजूला, जवळ बसा, आणि सावकाश वाचा. एखादा शब्द त्यांना नाही ऐकू आला तर थांबू नका. तेवढी जागा ते भरून घेतील.

तुमची,
उहुरा