जाळीआधी निवारा हवा

मुंबईतील उड्डाणपुलांखालच्या सुशोभीकरणाची बातमी वाचली. बागा हव्यातच, पण त्यांच्याभोवती कुंपणाची जाळी बसल्यावर तिथे झोपणारी माणसे कुठे जाणार?

२०११च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांहून अधिक बेघर मोजले गेले. लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारे एक निवारागृह हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले होते. म्हणजे सव्वा कोटींच्या या शहराला सुमारे सव्वाशे निवारे लागतात. आज आहेत ते त्याच्या आसपासही नाहीत.

आमच्या घराजवळच्या पुलाखाली एक आजी नातवासह राहत. पहाटे वाकळ गुंडाळायची, स्टोव्ह खांबाआड ठेवायचा आणि धुण्याभांड्यांना जायचे, हा त्यांचा रोजचा क्रम. जाळी बसली त्या दिवशी त्या कामावर होत्या. परतल्या तर बोचके नाहीसे झालेले. आधार कार्ड, रेशनकार्ड त्यातच होते. आता दोघे दोन गल्ल्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर झोपतात.

पुलाखाली काम काढण्याआधी त्याच वॉर्डात, कुटुंबाला एकत्र राहता येईल असा निवारा उघडावा. तो दूर असला तर उपयोग नाही. सकाळची कामाची वेळ चुकली की हातचे घरकाम जाते.

– एक वाचक, मुंबई