स्वतः सांगता येणार नाही, त्या वेळेसाठी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय : आणीबाणीत उपयोगी पडेल अशी माहिती प्रत्येक घरात तयार ठेवण्याबाबत

स.न.वि.वि.

माणूस बेशुद्ध पडला किंवा त्याची वाचा गेली, तर कोणाला बोलवायचे आणि डॉक्टरांना काय सांगायचे, हे आपल्या प्रत्येक घरात लिहून ठेवलेले असावे. समितीने हे काम वार्षिक सभेपूर्वी हाती घ्यावे, ही विनंती.

सोसायटीच्या कार्यालयात सभासदांची नॉमिनेशन आहेत, पण ती मृत्यूनंतरच्या व्यवहारासाठी. सभासद जिवंत असताना रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, याची नोंद कुठेच नाही. सी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थिनींच्या आईवडिलांचे नंबरही आपल्याकडे नाहीत.

निवृत्तीपूर्वी मी रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका होते. पक्षाघाताचा रुग्ण आला की आधी विचारले जाते, ‘शेवटचे नीट कधी होते?’ कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यातही वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून तेही लगेच कळावे लागते. रुग्ण आपल्याकडे बघत असतो, हात धरतो, पण शब्द फुटत नाही. सोबत आलेल्या शेजाऱ्याला आडनावापलीकडे काही ठाऊक नसते. त्याचा काय दोष?

लोक रक्तगट आठवणीने लिहितात. रक्त देण्याआधी रुग्णालय तो स्वतः तपासतेच. त्याहून महत्त्वाची आहेत गोळ्यांची नावे व मात्रा, इन्सुलिन, पेसमेकर, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ती, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर.

फोनसाठी पहिले नाव लवकर पोचू शकेल अशा माणसाचे हवे. मुलगा टोरांटोला असेल तर त्याचा नंबर दुसरा, तोही देशाच्या कोडसह. ज्याचे नाव लिहू त्याला आधी विचारावे. जादा किल्ली कोणाकडे आहे, हेही त्याला माहीत हवे. दाराला आतून कुलूप लावून एकटे झोपणारे आपल्याकडे बरेच जण आहेत.

हे सारे एका कार्डावर लिहून फ्रिजच्या दारावर लावावे. सगळ्यांच्या घरी जागा एकच असली की शोधाशोध होत नाही. मोबाईलमध्येही आणीबाणीची माहिती भरता येते आणि लॉक स्क्रीनवर दाखवण्याची परवानगी दिली की फोन न उघडता ती वाचता येते. तरुण मंडळींनी आपल्या घरातल्या मोठ्यांना एवढे करून द्यावे.

कार्यालयात मात्र फक्त दोन नावे व नंबर ठेवावेत, तेही संमतीने. कोणाचा आजार गेटवरच्या वहीत किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये. नको म्हणणाऱ्याला आग्रहही करू नये.

वॉचमनच्या केबिनमध्ये १०८ आणि ११२ या क्रमांकांशेजारी आपला पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि रुग्णवाहिकेने कोणत्या गेटने यायचे ते मोठ्या अक्षरांत लावावे. रात्रपाळीचा माणूस नवा असला की नेमका पत्ता सांगताना अडतो.

ज्येष्ठांच्या घरी जाऊन कार्ड भरून द्यायला मी तयार आहे. गोळ्या बदलतात, म्हणून दरवर्षी पुन्हा जाईन. समितीच्या पुढच्या बैठकीत विषय घेतलात, तर कार्डाचा नमुना घेऊन येते.

आपली,
एक सभासद, बी विंग