अप्पांचे विवरणपत्र

सोलापूर,
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात गेलेल्या काकांचे प्राप्तिकर विवरणपत्र १६ तारखेपर्यंतही भरले गेले नाही, याची रुखरुख तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसली. अप्पांचे विवरणपत्र मी याच महिन्यात आईच्या शेजारी बसून भरले, म्हणून तुला लगेच लिहितो आहे.

अप्पा गेल्या डिसेंबरात गेले, त्यामुळे त्या एकाच आर्थिक वर्षाचे दोन भाग पडले. १ एप्रिल २०२४ पासून त्यांच्या निधनाच्या दिवसापर्यंतचे निवृत्तिवेतन आणि ठेवींचे व्याज त्यांच्या नावे, वारस म्हणून आईने दाखवायचे होते; त्यानंतरचे व्याज आणि कुटुंब निवृत्तिवेतन आईच्या स्वतःच्या उत्पन्नात धरायचे होते. हा हिशेब मला अप्पांच्या वहीमुळेच लागला. चादरीच्या एका जुन्या तुकड्यात बांधून ठेवलेल्या त्या वहीत प्रत्येक ठेवीची तारीख, दर आणि मुदत पेन्सिलीने लिहिलेली होती, आणि मोडलेल्या ठेवीवर पट्टी धरून सरळ रेघ मारलेली होती. आई एकेक पावती वहीशी ताडून माझ्या हाती देत होती आणि मध्येच एखाद्या नोंदीवर बोट ठेवून बराच वेळ थांबत होती.

अडचण निघाली ती टीडीएसची, म्हणजे बँकेने व्याजातून आधीच कापलेल्या कराची. आमच्या बँकेने ठेवी आईच्या नावावर करायला उशीर केला, आणि मार्चपर्यंतचे सगळे व्याज व त्यावरचा टीडीएस अप्पांच्याच पॅनवर नोंदवला. प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात आम्ही हरकत नोंदवली आणि बँकेला दुरुस्त टीडीएस विवरण भरण्याची लेखी विनंती केली. ती दुरुस्ती २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराची नोंद असलेल्या विभागाच्या पत्रकात, दिसायला ऑगस्टची अखेर उजाडली. मूळची ३१ जुलैची मुदत कायम राहिली असती, तर जे उत्पन्न अप्पांचे नव्हते ते त्यांच्या नावावर दाखवावे लागले असते, किंवा विभागाच्या नोंदीशी न जुळणारे विवरणपत्र भरावे लागले असते. मे महिन्यात मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी ती आळशांची सोय म्हणून हिणवली. मला ते मनापासून खटकले, कारण ज्या घरात माणूस गेलेला असतो तिथे कागद माणसांच्या सवडीने हलत नाहीत, आणि ते दीड महिने आम्हांला खरोखरच हवे होते.

आता तुझ्याविषयी. १५ तारखेच्या रात्री वाढवून दिलेला एक दिवसही गेला असला, तरी ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येते. काकांचे एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर विलंब शुल्क १,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर ५,००० रुपये लागेल. कर देणे निघाला, तर त्यावर दरमहा एक टक्का व्याज चढत राहील, म्हणून डिसेंबरची वाट पाहू नकोस. आणखी एक गोष्ट सीएंना अवश्य विचार: मुदतीनंतर जुनी करप्रणाली निवडता येत नाही, त्यामुळे ज्येष्ठ नागरिकांना ठेवींच्या व्याजावर मिळणारी ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट काकांना मिळणार नाही. मात्र त्या वर्षासाठी नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे सामान्यतः कर लागत नाही, तेव्हा फार धास्ती घेऊ नकोस.

काका मे महिन्यात गेले, म्हणजे मार्च २०२५ पर्यंतचे संपूर्ण वर्ष त्यांच्याच नावे जाईल. एप्रिल-मे मधल्या उत्पन्नाचा हिशेब पुढच्या वर्षी वेगळा द्यावा लागेल. हे दोन्ही एकत्र करू नकोस. विवरणपत्र भरण्याआधी प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून तिला मंजुरी मिळवावी लागते. त्यासाठी काकांचे पॅनकार्ड, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा हवा. आमच्याकडे आईच्या नावाचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश होता, तोच चालला. काकांची नोकरी खासगी होती, त्यामुळे तुला महसूल कार्यालयाकडून हयात कुटुंबीयांचा दाखला काढावा लागेल, आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच जाईल. म्हणून सोमवारीच अर्ज दे. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करायला विसरू नकोस. आईच्या मोबाइलवर ओटीपी आला आणि आमचे ते काम तिथल्या तिथे झाले.

पोचपावती छापून आणली तेव्हा आईने ती वहीत ठेवली, आणि अप्पांच्या शेवटच्या नोंदीखाली त्यांच्याच पेन्सिलीने तारीख लिहिली. काकांच्या कपाटातही असे काही टिपण असेल. काकूंना विचारल्याशिवाय तिथले कोणतेही कागद टाकू नकोस. बँकेची पासबुके आणि २६एएसची प्रत घेऊन एखाद्या रविवारी सोलापूरला ये, आपण दोघे बसून हिशेब लावू. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
माधव