पालकमंत्री महोदय, थंडीतल्या रविवारच्या सकाळी पेठा चालणाऱ्यांना द्या

माननीय पालकमंत्री, पुणे जिल्हा,
सविनय नमस्कार.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी आईला घेऊन पेठांत फिरायला गेलो. ती ७६ वर्षांची, हातात काठी, कानाला घट्ट स्कार्फ. "मेट्रो झालीय ना आता, चल," असं तीच म्हणाली. कसबा पेठ स्टेशनला उतरलो आणि रमतगमत शनिवारवाड्यावर पोचलो. दिल्ली दरवाजा उत्तरेला, त्यामुळे त्याच्या सावलीत अजून गारठा होता. आई दारावरच्या अणकुचीदार खिळ्यांकडे बघत राहिली. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, म्हणजे अशाच थंडीतली. मग लाल महाल, कसबा गणपती. इथवर सगळं छान झालं.

तिला खरं जायचं होतं ते भिडे वाड्याच्या जागेवर. आई हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकलेली. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली, तिथे दोन मिनिटं उभं राहायचं, एवढीच इच्छा. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवला, हे तिला ठाऊक होतं. "वाडा नसला तरी जागा तीच ना," म्हणाली. समोर दगडूशेठच्या दर्शनाची गर्दी, मधे वाहता शिवाजी रस्ता. ती जरा थबकली तोच मागून हॉर्न वाजला. ती दचकली, काठी निसटली. मी दंड धरला म्हणून पडली नाही. दुचाकीवाल्याला तरी काय बोलणार, त्यालाही जायला तेवढीच वाट होती. "चल, पुरे झालं," आई म्हणाली.

विश्रामबागवाड्याचं तेच. १८०७ साली दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेल्या या वाड्याची लाकडी दर्शनी बाजू, सुरूचे खांब, त्यावरचं कोरीवकाम हे सगळं समोरच्या बाजूला उभं राहून, मान वर करून बघायचं असतं. बाजीराव रस्त्यावर मान वर करायची सोय नाही. नजर सतत गाड्यांवर. इथेच १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. हे आईला सांगायचं मनात होतं, पण त्या आवाजात राहूनच गेलं.

महोदय, मागणी छोटी आहे. डिसेंबर आणि जानेवारीतल्या रविवारी सकाळी ७ ते १० शनिवारवाडा ते मंडई हा पट्टा गाड्यांसाठी बंद ठेवावा. मंडईचा माल, रुग्णवाहिका आणि तिथले रहिवासी यांना अर्थातच मुभा असावी. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, म्हणजे हे जमतं. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्टेशनं सुरू आहेत, त्यामुळे गाडी कुठे लावायची हा प्रश्नच उरत नाही. पोलीस, महापालिका आणि मेट्रो यांना एका टेबलाशी बसवणं तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला लिहितो आहे.

त्या दिवशी शेवटी मंडईत गेलो. १८८६ च्या त्या दगडी इमारतीपाशी हिरवेगार मटार आणि आवळ्यांचे ढीग लागले होते. आईने अर्धा किलो आवळे घेतले. घरी येऊन मोरावळा घालताना म्हणाली, "शाळेची जागा राहिली बघायची."

येत्या डिसेंबरात तिला पुन्हा घेऊन जायचं आहे.

आपला नम्र,
पुण्यातला एक नागरिक