घसा बरा झाला, म्हणजे आजार गेला असे नाही

माननीय संपादक, स. न.

हृदयविकार म्हटले की उतारवयातला माणूस डोळ्यांसमोर येतो. रुमॅटिक हृदयविकाराची सुरुवात मात्र बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या दुखऱ्या घशापासून होते. ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे सुजलेला घसा उपचार न करताही काही दिवसांत शमतो आणि खरी फसगत तिथेच होते. कारण घरातले सगळे ते दुखणे विसरल्यावर, दोन ते चार आठवड्यांनी, काही मुलांना ताप येतो, गुडघे व घोटे आळीपाळीने सुजतात आणि जंतूंविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते. सांधे पुढे पूर्ववत होतात, पण हृदयाच्या झडपा, त्यातही डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप, कायमच्या अधू होऊ शकतात.

मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो, हे जंतू मात्र मरत नाहीत. त्यांच्यावर पेनिसिलिन हे जुनेच औषध चालते. गोळ्या दहा दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले की पालक त्या बंद करतात, ते टाळले पाहिजे. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाले तरी नंतर येणारा हा सांध्यांचा व हृदयाचा ताप, म्हणजे रुमॅटिक ताप, टाळता येतो, म्हणून ‘आता उशीर झाला’ असे समजून घरी बसू नये.

अर्थात, प्रत्येक दुखऱ्या घशाला प्रतिजैविक द्यावे असे मी सुचवत नाही. बहुतेक वेळा कारण विषाणूच असते. खोकला आणि वाहते नाक ही त्याची खूण. खोकला नसताना ताप, गिळताना वेदना आणि गळ्याच्या दुखऱ्या गाठी दिसल्या, तर मात्र डॉक्टरांना दाखवावेच. एवढा फरक पालकसभेत पाच मिनिटांत सांगता येतो.

ज्यांना रुमॅटिक ताप एकदा येऊन गेला आहे, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते, कारण प्रत्येक नव्या झटक्याने झडप अधिक खराब होते. अशा विद्यार्थ्याच्या त्या दिवसाच्या गैरहजेरीबद्दल शिक्षकांनी त्याला बोल लावू नये, उलट तारखेची आठवण करून द्यावी.

जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, 2018 मध्ये या आजाराविषयी ठराव केला. तो घराघरांत पोहोचवणे वृत्तपत्रांना जमण्यासारखे आहे. वरील लक्षणे आपण एका छोट्या चौकटीत छापावीत, ही विनंती. ते कात्रण शाळांना सूचनाफलकावर लावता येईल.

आपला,
एक वाचक