विषय : सर्व्हिसिंगच्या वेळी ऑइल फिल्टर अवाजवी घट्ट बसवल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

माझ्या मोटारीची मागील सर्व्हिसिंग आपल्या सोलापूर येथील अधिकृत सेवा केंद्रात झाली होती. हमीची मुदत संपल्याने या वेळी ऑइल व फिल्टर घरीच बदलावा म्हणून मी गेल्या रविवारी जुने ऑइल काढले. परंतु फिल्टर हाताने तसूभरही हलेना. फिल्टरचा पाना माझ्याकडे नव्हता, दुकाने बंद होती आणि ऑइलवाचून गाडी सुरू करून गॅरेजपर्यंत नेणेही शक्य नव्हते.

इंजिन कोमट असतानाच पॉलिश पेपर गुंडाळून पकड घेतली, नंतर यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारे कारागीर) असलेल्या शेजाऱ्यांनी आणलेला चामडी पट्टा आवळून पाहिला, पण तो घसरतच राहिला. नाइलाजाने फिल्टरमधून स्क्रू ड्रायव्हर आरपार घालून जोर दिला, तेव्हा पत्रा फाटला आणि तळाची जाड चकती इंजिनलाच चिकटून राहिली. तिच्या कडेला छिन्नी लावून हलके ठोके देत ती सोडवण्यात सगळी दुपार गेली.

मी हात लावण्यापूर्वीच फिल्टरवर पान्याच्या दातांचे खोल वण होते. वास्तविक रबरी वायसरला ऑइलचे बोट फिरवून, ते टेकल्यावर फिल्टर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळायचा असतो. नव्या फिल्टरच्या खोक्यावरही तसेच छापलेले आहे. आपल्या केंद्रात मात्र वायसर कोरडेच बसवलेले दिसते, कारण ते इंजिनवरील फिल्टरच्या बैठकीला इतके चिकटले होते की नखाने खरवडून काढावे लागले. ते तसेच राहून त्यावर नवा फिल्टर बसला असता, तर दाबाने ऑइल बाहेर पडून भर रस्त्यात इंजिन जाम होण्याचा धोका होता, आणि दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन मला पंढरपूरला जायचे होते. हा निष्काळजीपणा मला क्षुल्लक वाटत नाही.

फिल्टरच्या बैठकीला व आट्यांना इजा झाली आहे का, याची विनाशुल्क तपासणी आपल्या तंत्रज्ञाकडून करून द्यावी, इजा आढळल्यास दुरुस्तीचा खर्च कंपनीने सोसावा आणि त्या सर्व्हिसिंगचे काम कोणाच्या देखरेखीखाली झाले याची चौकशी करून मला १५ दिवसांत लेखी कळवावे. फाटलेला फिल्टर व वायसर मी जपून ठेवले असून छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला विश्वासू,
एक ग्राहक, सोलापूर