औषधाच्या पाकिटावर आजाराचं नाव नाही म्हणून विम्याचा दावा नामंजूर

संपादक महोदय,

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याच्या पापण्या सुजल्या, मग पावलं इतकी की चप्पल चढेना. मूत्रपिंडाचं दुखणं समजून आठ महिने स्टिरॉइड दिलं गेलं. त्या दुखण्यात लघवीत सापडणारी प्रथिनं मात्र एकदाही सापडली नाहीत! रक्तातलं अल्ब्युमिन हे मुख्य प्रथिन १.६ पर्यंत घसरलं, तेव्हा कुठे दुर्बिणीतून आतडं पाहिलं. आत तांदळाच्या कण्या विखुरल्यासारखे पांढरे ठिपके. आतड्यातल्या लसिकावाहिन्या (चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) फुगून फुटतात आणि अंगातली प्रथिनं शौचावाटे निघून जातात, असा हा प्रायमरी इंटेस्टायनल लिम्फॅन्जिएक्टेशिया. डॉ. वाल्डमन यांनी १९६१ मध्ये त्याचं वर्णन केलं.

पहिला उपचार आहाराचा. त्याची भाजी बिनफोडणीची, शिजल्यावर वरून एमसीटी (मध्यम साखळीच्या मेदाचं) तेल. नेहमीच्या तेलासारखं लसिकावाहिन्यांत न शिरता ते थेट यकृताकडे जातं. संक्रांतीला तीळगूळ चालत नाही, म्हणून मी चुरमुऱ्याचे लाडू करते. पण आहार पुरला नाही. मग ऑक्ट्रिओटाइड हे औषध, दिवसातून तीनदा पोटावर सुई. वीज गेली की औषधाचा खोका थंड ठेवायला मी दूध डेअरीत धावायची. त्यानेही भागेना, तेव्हा डॉक्टरांनी सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू केलं. गोळी कुटायची नाही, रक्तातली पातळी वारंवार तपासायची. तोंड येतं, संसर्गाची भीती असते. सगळ्याच मुलांना गुण येईल असं नाही, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. माझ्या मुलाला आला. पूर्वी दर महिन्याला अल्ब्युमिन चढवावं लागे; गेल्या दीड वर्षात एकदाच लागलं.

विमा कंपनीने मात्र सिरोलिमसच्या खर्चाचा दावा परत पाठवला. कारण, हे औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी आहे आणि मुलाचं प्रत्यारोपण झालेलं नाही. इतक्या थोड्या मुलांना होणाऱ्या आजारासाठी मोठ्या चाचण्या आजवर झालेल्या नाहीत. मग पाकिटावर त्याचं नाव येणार कधी, आणि तोवर या मुलांनी काय करायचं?

दुर्मीळ आजाराच्या मुलाला तज्ज्ञांनी लेखी कारण देऊन असं औषध दिलं आणि तपासण्यांत गुण दिसला, तर विमा कंपन्यांनी आणि सरकारी योजनांनी तो खर्च मान्य करावा. तसा स्पष्ट नियम आरोग्य खात्याने आणि विमा नियामकाने काढावा. चार वर्षांच्या अहवालांची फाइल माझ्याकडे आहे. कुठल्याही समितीपुढे ती घेऊन यायची माझी तयारी आहे.

– एक आई, विटा (जि. सांगली)